जांगल देशाचे ऋण

महसुली दप्तरातील काही शब्द इतके अंगवळणी पडले आहेत की, त्यांच्याविषयी कोणी फारसा विचार करीत नाही. ‘पडीक’ आणि ‘पोटखराबा’ हे त्यांपैकीच. नांगर चालत नाही, पाणी ठरत नाही, म्हणून जमीन कुचकामी, असा त्यामागचा हिशेब. उपग्रहचित्रांवरून तयार झालेल्या देशातील पडीक जमिनींच्या शासकीय नकाशासंग्रहातही खुरट्या झुडपांचे माळ याच सदरात पडतात. आम्ही वैद्यही बोलता बोलता ‘उजाड माळ’ म्हणून जातो. परंतु ज्या भूमीला आपण उजाड म्हणतो, तिनेच आपली औषधपेटी भरली आहे, याचा आपणांस विसर पडला आहे काय? या प्रश्नाचा आपल्या व्यवसायाशी निकटचा संबंध आहे, म्हणून तो वैद्यबंधू-भगिनी व औषधनिर्माते यांच्यासमोर मांडण्याचे धाडस करीत आहोत.

आम्ही हे लिहीत आहोत ते धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरखेडा येथून. बालाघाटच्या पठारावर, सोलापूर–धुळे महामार्गालगत वसलेले हे गाव. तेरणा नदी याच परिसरात उगम पावते आणि पुढे तेरच्या, म्हणजे प्राचीन तगर नगराच्या काठाने वाहत जाऊन मांजरेला मिळते. नदीच्या उगमाचे गाव, पण पाण्याचे सुख नाही. सह्याद्रीने नैर्ऋत्येचे ढग अडविल्यावर जे उरते, ते आमच्या वाट्याला येते. १९७२ चा दुष्काळ आमच्या आधीच्या पिढीने सोसला. २०१२ आणि २०१५ चे आम्ही सोसले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते या पट्ट्याचेच दुःख होते. तेरखेड्याचे नाव बाहेरगावी ऐकू येते ते फटाक्यांमुळे. मातीत पुरेसे पिकत नाही तेव्हा माणूस दुसरा मार्ग शोधतो. फटाक्याची दारू वाळायला लागणारी कोरडी हवा येथे फुकट मिळते. ज्या कोरडेपणाने शेती मारली त्यावरच गावाने पोटाचा धंदा उभा केला. धंदा जोखमीचा खरा, पण परिस्थितीशी जुळवून घेण्याची ही माणसाची रीत झाली. या माळावरच्या वनस्पतींनी तीच गोष्ट माणसाच्या कितीतरी आधी आणि अधिक सुरक्षितपणे साधली आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आधुनिक भूगोलाच्या दृष्टीने तेरखेडा हे वाळवंट नव्हे. वर्षाला अडीचशे मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशास सामान्यतः वाळवंट म्हणतात. थरच्या मरुभूमीतील जैसलमेर त्यात येते. आमचा जिल्हा चांगल्या वर्षी त्याच्या तिप्पट पाऊस पाहतो. परंतु तो चार महिन्यांत, तोही खंड पाडून येतो आणि मुरमाड जमिनीतून निघून जातो. उरलेले आठ महिने येथील झाडाला मरुभूमीतील झाडाप्रमाणेच दिवस काढावे लागतात. त्यामुळे मरुभूमीचा विचार करण्यासाठी आम्हांला राजस्थानात जाण्याची गरज पडत नाही.

शास्त्राची दृष्टी

आपल्या आचार्यांनी देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन भेद केले, हे आपण पहिल्या वर्षी पाठ करतो आणि परीक्षेनंतर बहुधा विसरतो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात जांगल देशाचे केलेले वर्णन तेरखेड्याच्या माळावर उभे राहून वाचावे. मोकळे आकाश, विरळ आणि काटेरी झाडे, थोडा पाऊस, विहिरींना थोडे पाणी, उष्ण व रुक्ष वारा, मधूनमधून लहान टेकड्या, आणि शरीराने सडपातळ पण चिवट माणसे. व्याधी वातपित्तप्रधान. आमच्या बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही याहून वेगळे काही सांगत नाही.

आता चरकाचार्यांकडे वळू. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात त्यांनी श्रेष्ठ गोष्टींची यादी दिली आहे. तीत आरोग्यकर देशांमध्ये मरुभूमीला अग्रस्थान दिले आहे आणि अहितकर देशांत आनूप देशाला. कल्पस्थानाच्या आरंभी औषधिसंग्रहासाठी योग्य भूमी सांगताना त्यांनी जांगल अथवा साधारण देश सांगितला. त्या वर्णनात खदिर, धव, सल्लकी, बदरी, आमलकी, शमी यांची नावे येतात. यांतील खैर, धावडा, सालई, बोर आणि आवळा ही आपल्या कोरड्या डोंगरउतारांची झाडे, आणि शमी म्हणजे दसऱ्याला आठवणारी सौंदड. ज्याला महसूल खाते पोटखराबा म्हणते, त्याला चरकाचार्य औषधांचे उत्तम क्षेत्र म्हणतात. या दोहोंपैकी आपण कोणाचे अनुयायी, हे एकदा ठरवावे लागेल.

तहानेचे तीन उपाय

कोरड्या देशातील वनस्पती जगतात कशा, याचा अभ्यास आधुनिक वनस्पतिशास्त्राने पुष्कळ केला आहे. स्थूलमानाने त्यांचे तीन मार्ग दिसतात : वेळ साधणे, साठविणे आणि सोसणे. हे तिन्ही आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्यांत पाहता येतात.

वेळ साधणारा म्हणजे गोखरू. पहिला पाऊस पडताच तो उगवतो, जमिनीसरपट पसरतो, घाईने फुलतो, फळतो आणि वाळून जातो. उन्हाळा त्याला भेटतच नाही. उन्हाळ्यात असते ते केवळ त्याचे काटेरी फळ. त्या फळातील सर्व बिया एकाच पावसात रुजत नाहीत. काही पुढील पावसासाठी मागे राहतात. पहिला पाऊस दगा देईल, हे जणू वनस्पतीने गृहीतच धरले आहे. जून कोरडा गेल्यावर दुबार पेरणी करणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

साठविणाऱ्यांत शतावरी आहे. तिची जी हिरवी सुईसारखी पाने वाटतात ती खरी पाने नव्हेत, ती बदललेली खोडे होत. पान ठेवले तर पाणी उडून जाते, म्हणून तिने पानांचा जवळजवळ त्याग केला आणि संचय मुळांच्या झुबक्यात केला. पुनर्नवेने तर आपले चरित्र नावातच सांगितले आहे. वरचा वेल उन्हाळ्यात वाळून नाहीसा होतो, मूळ जमिनीत टिकते आणि पावसाबरोबर पुन्हा नवी होते. हे नाव देणाराने ती वनस्पती एका ऋतूत नव्हे, वर्षभर पाहिली असली पाहिजे.

सोसणाऱ्यांत शमी, खैर, बाभूळ, बोर. लहान पर्णिका, काटे, जाड साल, खोल गेलेले सोटमूळ. एप्रिलच्या उन्हात सारा माळ तपकिरी पडलेला असताना शमीला नवी पालवी फुटते, कारण तिचे मूळ आपल्या विहिरीहून खोल गेलेले असते. मरुभूमीचा गुग्गुळ तर वर्षातील बराच काळ निष्पर्णच उभा असतो. त्याची कागदासारखी सुटणारी साल आणि आतील हिरवट थर पानांचे काम काही अंशी सांभाळतो. जखम झाली की राळ स्रवते व ती जखम बुजविते. झाडाने स्वतःच्या व्रणासाठी केलेले औषधच आपण भग्न, आमवात आणि मेदोरोगात वापरतो.

याच संदर्भात एक जुनी घटना सांगण्याजोगी आहे. दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी पानफुटीची पाने दिवसाच्या निरनिराळ्या वेळी चावून पाहिली. सकाळी पान आंबट, दुपारी जवळजवळ बेचव आणि सायंकाळी किंचित कडू. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केले. त्यामागचे कारण कळण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला. पानफुटी, कोरफड, निवडुंग अशा मांसल वनस्पती दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेतात, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री ती उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपाने साठवितात; दिवसा ते आम्ल खर्च होते. वाळवंटाची ही युक्ती प्रथम उघडकीस आली ती जिभेने, प्रयोगशाळेतील यंत्राने नव्हे. द्रव्याची परीक्षा रसापासून सुरू करणाऱ्या परंपरेतील आपण वैद्य, आणि आज आपल्यापैकी किती जण आलेला माल चाखून पाहतात?

देश आणि गुण यांचे नाते

वनस्पतीला आपली मुळे सोडून पळता येत नाही. ऊन, कीड, चरणारे जनावर या सर्वांशी तिला जागच्या जागी लढावे लागते आणि त्या लढ्याची शस्त्रे म्हणजे कडू, तुरट, तिखट द्रव्ये, राळ, चीक व सुगंधी तेले. आपण ज्याला वीर्य म्हणून वापरतो, त्याचा मोठा भाग या संघर्षातून येतो. मर्यादित प्रमाणात पाण्याचा ताण पडल्यास अशा द्रव्यांचे प्रमाण वाढते, असे अनेक वनस्पतींच्या बाबतीत आढळले आहे. मात्र ताण अति झाल्यास झाडच खुरटते, आणि प्रत्येक वनस्पती सारखी वागत नाही, हेही तितकेच खरे.

आचार्यांना हे नाते उमगले होते, याचा सुंदर पुरावा दुधाच्या वर्गात सापडतो. वाग्भटाचार्यांनी शेळीचे दूध लघु का, हे सांगताना तीन कारणे दिली : ती पाणी थोडे पिते, हिंडते फार आणि तिखट-कडू पाला खाते. प्राण्याची जगण्याची रीत त्याच्या दुधाच्या गुणात उतरते, असा हा विचार आहे. आमच्या जिल्ह्याचे जुने नाव आज जर कोणी अभिमानाने मिरवीत असेल तर ती उस्मानाबादी शेळी. बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला खाऊन दुष्काळातही दोन करडे देणारी, गरिबाघरची ही गाय. शोष, रक्तपित्त, अतिसार यांत आजक्षीर लिहून देताना ती शेळी माळावर चरलेली की गोठ्यात बांधून पेंडीवर वाढविलेली, हा प्रश्न वाग्भटाचार्यांनी खचित विचारला असता.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. परिस्थिती सारखी असली की रूप सारखे होते, गुण सारखे होतातच असे नाही. अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशांतून आलेला फड्या निवडुंग आणि आपली स्नुही यांची कुळे अगदी भिन्न. दोन वेगळ्या खंडांत तहानेने दोघांनाही पर्णहीन, मांसल आणि काटेरी बनविले. परंतु फड्या निवडुंगाचे बोंड मुले आवडीने खातात आणि स्नुहीच्या क्षीराचे विरेचन इतके तीव्र की, ते कोणाला देऊ नये याचीच चर्चा चरकाचार्यांनी आधी केली. ‘तसेच दिसते, त्याच माळावरचे आहे’ एवढ्यावरून माल स्वीकारणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

काट्याचा भाव

आता मूळ दुखण्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने हलक्या जमिनीत शतावरी लावली. ठिबकने पाणी भरपूर दिले आणि मुळे वेळेआधी काढली. मुळे जाड, पांढरीशुभ्र, दिसायला देखणी. वाळल्यावर मात्र निम्म्याहून अधिक वजन गेले आणि चव पाणचट लागली. बांधावरच्या कोरडवाहू झुडपाची बोटभर मुळे शेजारी ठेवून आम्ही त्यास फरक दाखविला. तो शांतपणे म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुमचं खरं हाय. पण आडत्या काट्यावर पैसं देतो, चवीवर न्हाई.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. कारण त्याच महिन्यात आम्ही स्वतः एका व्यापाऱ्याकडून स्वस्त पडते म्हणून दोन पोती शतावरी घेतली होती. ती कोठली, केव्हा काढलेली, हे आम्ही विचारले नव्हते. चूर्ण करून, डबीत भरून, शास्त्रोक्त म्हणून ती आम्ही रुग्णांना दिली. लाभ नेहमीसारखा दिसला नाही तेव्हा पथ्याकडे बोट दाखविले. दोष रुग्णाचा नव्हता, हे कबूल केलेच पाहिजे.

चरकाचार्यांनी मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात, पाने गळून गेल्यावर काढावीत असे सांगितले. झाड आपला संचय मुळात नेऊन ठेवते तो हाच काळ. स्नुहीचे क्षीर दोन-तीन वर्षांच्या झाडाचे आणि विशेषतः शिशिराच्या अखेरीस घ्यावे, असेही त्यांनी सांगितले. हे नियम म्हणजे कोरड्या देशातील वनस्पतीच्या दिनचर्येची आणि ऋतुचर्येची अचूक नोंद आहे. आपण मात्र बारा महिने मागणी करतो आणि बारा महिने माल येतो. तो कसा येतो, हे न विचारण्यातच सर्वांची सोय आहे.

गुग्गुळाची कथा याहून दुःखद. अधिक राळ मिळावी म्हणून खोल चिरा पाडल्या गेल्या, रसायने लावली गेली. राळ वाहिली आणि झाडे मेली. जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या तांबड्या यादीत हे झाड अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले आहे. शेकडो वर्षे मरुभूमीच्या उन्हाला जे झाड बधले नाही, ते आपल्या मागणीपुढे हरले. योगराज, कैशोर, त्रिफळा, कांचनार अशा गुग्गुळकल्पांची चळत ज्यांच्या फडताळात आहे, त्या आपण सर्वांनी ही जबाबदारी स्वीकारली पाहिजे. इकडे आमच्या माळांचेही तेच चालले आहे. कोठे वेड्या बाभळीने जागा बळकावली आहे, कोठे पवनचक्क्यांचे रस्ते झाले आहेत, कोठे हिरवाईच्या नावाखाली परकी झाडे लावली जात आहेत. वीज हवी, झाडेही हवीत. पण पडीक म्हटले की त्या जागी आधी काय होते, हे पाहण्याची गरज कोणास वाटत नाही.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकत आलो आहोत. मागणी इतकी वाढली असता जंगलमाळावरच्या मालावर भागणार कसे? लागवड नको काय? लागवड अवश्य हवी. तिच्यावाचून तरणोपाय नाही. परंतु ती द्रव्याच्या प्रकृतीनुसार हवी. मध्य प्रदेशातील नीमच–मंदसौर भागात अश्वगंधा हलक्या जमिनीत, मुख्यतः पावसाच्या ओलीवर पिकते आणि तिला बाजारात नाव आहे. मराठवाड्यातील हलक्या जमिनीला हे अशक्य नाही. मात्र शेतकऱ्याने कमी पाणी देऊन, एक वर्ष अधिक थांबून माल काढावा अशी अपेक्षा असेल, तर त्या थांबण्याचे मोल आपण दिले पाहिजे. ते न देता त्याला शास्त्र सांगणे अन्यायाचे आहे.

आम्ही काय करावे?

मोठ्या योजनांची वाट न पाहता चार गोष्टी आपल्या हाती आहेत. पहिली, काष्ठौषधी विकत घेताना पावतीवर केवळ वजन व दर नव्हे, तर माल कोणत्या भागातील आणि कोणत्या महिन्यात काढलेला, हे लिहून मागावे. पहिल्या वर्षी व्यापारी हसेल. दहा ग्राहकांनी विचारले की लिहू लागेल. दुसरी, आलेल्या मालाची रस, गंध व स्पर्श यांनी परीक्षा करून उत्तम मालास थोडा अधिक भाव उघडपणे द्यावा. तिसरी, गुग्गुळकल्प आवश्यक तेथेच योजावेत आणि दुसऱ्या कल्पाने कार्य होत असेल तेथे संयम पाळावा. चौथी, आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही तयार होते, तीत गावच्या माळावरील औषधी वनस्पतींची नोंद करण्यास वैद्याने स्वतः जावे. जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्यांना काही बंधनांतून मोकळे केले आहे. कायद्याने ऋण माफ केले म्हणून ते फिटले, असे समजू नये.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनाचा प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. ग्रीष्माच्या अखेरीस गंगातीरी हिंडत असता भगवान आत्रेय शिष्यास सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वी औषधे गोळा करून ठेवा. आजवर आम्ही या उपदेशाचा अर्थ साठा करणे एवढाच घेत होतो. या माळावर काही उन्हाळे काढल्यावर असे वाटते की, भूमी विरस होऊ न देणे हाही त्याचाच भाग आहे. आज ग्रीष्मात गुरे राखणारा एखादा म्हातारा कोणत्या बांधावर शतावरी जिवंत आहे आणि कोणत्या ओढ्याकाठी पुनर्नवा पुन्हा फुटेल, हे आम्हांला सांगू शकतो. उद्या सांगायला तो नसेल आणि दाखवायला तो बांधही नसेल, तर सूत्रे पाठ असून आपल्या हाती काय उरेल, याचा सर्व वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधनिर्मात्यांनी गांभीर्याने विचार करावा, ही नम्र विनंती.